मग वेळ जातो कुठं?



मागच्या वर्षीची गोष्ट आहे. ऑगस्ट महिना होता, बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. मधली सुट्टी संपली होती, मुलं वर्गात बसली होती आणि मी व्हरांड्यात खुर्ची टाकून मोबाईलवर एक माहिती भरत होते. 'आज सायं. ४ पर्यंत सर्व शाळांनी लिंक भरावी' असा निरोप आलेला. असे निरोप आपल्याला काही नवीन नाहीत.

तेवढ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी आली. छत्री मिटून दाराशी ठेवली आणि म्हणाली, "बाई, पोरगी तिसरीत गेली. अजून दुकानावरची पाटी वाचता येईना तिला. जरा जवळ घेऊन शिकवा की."

मी म्हटलं, "आजी, मला कळतंय हो. पण खरं सांगू का, वेळच मिळत नाही."

आजीनं माझ्या हातातल्या मोबाईलकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "मग वेळ जातो कुठं?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण मला उत्तर देता आलं नाही. "बघते आजी," एवढंच बोलले आणि वर्गात गेले.

डी.एड. करून मला आता चौदा वर्षं झाली. टाचणवहीत प्रत्येक तासिकेचा घटक, उद्दिष्ट, साहित्य, वेळ सगळं लिहिते. पण स्वतःच्या दिवसाचं टाचण मी कधी काढलं नव्हतं. माझ्या वर्गात १९ मुलं. त्यांतली तीन मुलं अजून अक्षराला अक्षर जोडून वाचत होती. या तिघांना रोज अर्धा तास वेगळा दिला तर ती वाचायला लागतील हे मला पक्कं माहीत होतं. तो अर्धा तासच सापडत नव्हता.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी मोबाईलवर वेळेची नोंद ठेवणारं ॲप शोधायला सुरुवात केली. (वेळ शोधण्यासाठी पाऊण तास मोबाईलवर घालवला, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकते.)

ॲप निवडताना काय कळलं

प्ले स्टोअरवर ढीगभर ॲप्स दिसली. सगळ्यांवर लिहिलेलं एकच, तुमचा वेळ वाचवा. वापरून पाहिल्यावर लक्षात आलं की सगळी एकच गोष्ट मोजत नाहीत.

पहिला प्रकार तर आपल्या फोनमध्ये आधीपासूनच असतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. दोन्ही सोयी २०१८ साली आल्या. कोणत्या ॲपवर किती मिनिटं गेली, दिवसात फोन किती वेळा उघडला, हे आपोआप दिसतं. वेगळं काही भरावं लागत नाही. मी उघडून पाहिलं तर त्या दिवशी फोन ७१ वेळा उघडला होता. मला वाटलं आकडा चुकला असेल. दुसऱ्या दिवशी ६८. पण याची अडचण अशी की हे फक्त फोनचा वेळ मोजतं. मी वर्गात फळ्यासमोर किती वेळ उभी होते, स्वयंपाकघरात किती वेळ होते, हे त्याला कसं कळणार? शिवाय व्हॉट्सॲपची मिनिटं एकत्रच दिसतात. त्यात केंद्राच्या ग्रुपवरचा निरोप कोणता आणि मावसबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो कोणते, हे फोनला कळत नाही. ते मलाच माहीत.

दुसरा प्रकार म्हणजे घड्याळ सुरू करायचं, काम संपलं की बंद करायचं. 'टॉगल ट्रॅक', 'क्लॉकिफाय' ही या प्रकारातली नावाजलेली ॲप्स. चांगली आहेत, पण ती मुळात तासावर पैसे घेऊन काम करणाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या सोयीची. त्यात प्रोजेक्ट विचारतात, क्लायंट विचारतात. माझे क्लायंट कोण? तिसरीतली १९ मुलं आणि घरची चार माणसं! तरी चार दिवस वापरलं. एका रात्री 'भाजी निवडणे' सुरू केलं आणि बंद करायचं विसरले. सकाळी पाहते तर नोंद ९ तास १० मिनिटं. आमचे हे म्हणाले, "एवढ्या वेळात अख्ख्या गावाची मेथी निवडून झाली असती."

आणखी एक अडचण. अशा ॲपमध्ये दुसऱ्या कामाचं घड्याळ सुरू केलं की पहिलं थांबतं. म्हणजे एका वेळी एकच काम. ऑफिसात टेबलाशी बसणाऱ्या माणसाचं ते जमत असेल. पण कुकर लावलाय, एका हातानं पोळी भाजतेय आणि ओट्याशी उभ्या लेकीचे पाढे घेतेय, तर ती वीस मिनिटं कशात लिहायची? स्वयंपाकात की अभ्यासात?

तिसरा प्रकार 'फॉरेस्ट'सारख्या ॲप्सचा. आपण ठरवलेला वेळ फोनला हात लावला नाही तर पडद्यावर एक झाड वाढतं, मध्येच दुसरीकडे गेलो तर ते वाळतं. अभ्यासाला बसणाऱ्या मोठ्या मुलांसाठी छान आहे. पण ते मन एका जागी ठेवायला मदत करतं. वेळ गेला कुठं, हा माझा प्रश्न त्यातून सुटत नव्हता.

शेवटी मी 'एटाइमलॉगर' हे ॲप घेतलं. त्यात कामांची चित्रं असतात, काम सुरू झालं की चित्रावर एकदा बोट टेकवायचं. विसरलं तर नंतर वेळ दुरुस्त करता येते. कामांची नावं आपण आपली देऊ शकतो, मी मराठीतच दिली. आणि दोन कामं एकाच वेळी चालू ठेवता येतात. पोळी आणि पाढे दोन्ही!

नावं देणं हेच खरं काम

या शोधाशोधीत मला एक सरकारी सर्वेक्षण सापडलं, ते आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात देशभर 'वेळेच्या वापराचं सर्वेक्षण' केलं. सहा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला विचारलं की आदल्या दिवशी पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत काय काय केलं. चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडले. एकाच अर्ध्या तासात एकाहून जास्त कामं केली असतील तर तीही लिहून घेतली. म्हणजे पोळी आणि पाढे यांची अडचण त्यांनाही माहीत होती तर!

त्यातला एक आकडा वाचून मी थांबले. २०१९ साली घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. ती कामं करणाऱ्या पुरुषांचा जात होता ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास.

मग मी माझ्या कामांची नावं लिहायला बसले. आधी सरळ 'शाळा' असं एकच नाव लिहिलं होतं. मग वाटलं, असं केलं तर रोज 'शाळा ६ तास ४० मिनिटं' एवढंच दिसेल, मला बरं वाटेल आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर तसंच राहील. म्हणून 'शाळा' खोडून त्याचे पाच भाग केले: शिकवणे, परिपाठ, पोषण आहार, कागद व मोबाईल, इतर. 'घर'चेही भाग केले. ॲप कोणतंही असो, ते आपण दिलेल्या नावांचीच बेरीज करतं. मोघम नाव दिलं की उत्तरही मोघमच येतं.

दोन आठवड्यांनी आलेली बेरीज

आठवड्याचे तास १६८. सगळ्यांना सारखेच. मी दोन आठवडे नोंद ठेवली. सुरुवातीला बोट टेकवायला विसरायचे, तिसऱ्या दिवसापासून सवय झाली. शाळेच्या दिवसाची सरासरी अशी आली:

शिकवणे: ३ तास १० मिनिटं
कागद व मोबाईल: १ तास २५ मिनिटं
पोषण आहार (चव, वाटप, नोंदी): ५० मिनिटं
परिपाठ: ३० मिनिटं
इतर: ४५ मिनिटं

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास सांगितले आहेत. भागाकार करा. दिवसाला सरासरी चार तास होतात. माझे होते ३ तास १० मिनिटं. पन्नास मिनिटं कमी! मला सापडत नव्हता तो अर्धा तास मुलांच्या हक्काच्या वेळातलाच होता.

पहिला विचार मनात आला तो तुमच्याही येईल. ही सगळी ऑनलाइन कामं, या लिंका, हे फोटो अपलोड करणं, त्यामुळेच हे होतं. आणि ते खोटं नाही. याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलं आहे. आपली तक्रार रास्त आहे.

पण मी त्या १ तास २५ मिनिटांच्या शेजारी फोनमधले व्हॉट्सॲपचे आकडे ठेवून पाहिले. निरोप बघायला फोन उघडायचा, निरोप वाचायला एक मिनिट, आणि मग तिथून स्टेटस, तिथून साड्यांचा ग्रुप, तिथून कुणाचा तरी वाढदिवस. रोजची साधारण तीस मिनिटं माझी स्वतःची होती. नाव मात्र 'शाळेचं काम'. दोन आठवड्यांत तासाभरात उत्तर द्यायलाच हवं असे निरोप किती आले तेही मोजले. तीन. फक्त तीन. बाकी सगळे संध्याकाळपर्यंत थांबले असते.

हे लिहिताना लाज वाटते. पण आपल्या माणसांत नाही सांगायचं तर कुठं सांगायचं?

घरातली बेरीज

घरकामाची माझी सरासरी आली ४ तास १० मिनिटं. यांना म्हटलं, "अहो, एक आठवडा तुम्हीही नोंद ठेवा ना." ते हसले, पण त्यांनी ठेवली. त्यांची आली ५५ मिनिटं.

रविवारी चहा घेताना मी दोन्ही फोन शेजारी ठेवले. काही बोलले नाही. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बाजारही मीच आणतो की."

मी म्हटलं, "तो या ५५ मध्ये धरलाय."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. सासूबाई तिथंच शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं मोजायची सोय नव्हती, नाहीतर तुझ्या सासऱ्यांना दाखवलं असतं." मग सगळेच हसलो.

त्या दिवसापासून आमच्या घरात क्रांती झाली असं काही मी लिहिणार नाही. रात्रीची भांडी आणि लेकीचा गृहपाठ यांनी स्वतःकडे घेतला. आठवड्यातले चार दिवस नीट चालतं, दोन दिवस 'आज फार दमलोय' असतं. तरी पूर्वी मी 'दिवसभर राबते' म्हणायचे तेव्हा भांडण व्हायचं, आकडे पाहिल्यावर बोलणं झालं. टाचण मी आता रात्री साडेदहाऐवजी साडेनऊला काढते. झोप वाढली.

मुलांचे २४ चौकोन

हा भाग तुम्हाला वर्गात वापरता येईल म्हणून सविस्तर लिहिते. तिसरीच्या गणितात घड्याळ असतंच. मी मुलांना चौकटीच्या वहीत २४ चौकोन आखायला लावले. एक चौकोन म्हणजे एक तास. झोप निळी, शाळा पिवळी, खेळ हिरवा, घरातली मदत लाल, टीव्ही-मोबाईल काळा. ज्यांना लिहिता येत नाही तीही रंग भरू शकतात. मग प्रत्येक रंगाचे चौकोन मोजायचे आणि बेरीज २४ येते का बघायची. कुणाची २७ आली, कुणाची २१! पुन्हा मोजताना बेरीज-वजाबाकीचा सराव आपोआप झाला. एका पठ्ठ्यानं झोपेचे चौदा चौकोन रंगवले, त्यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता.

त्या आजीच्या नातीनं वही आणून दाखवली. लाल चौकोन चार. मी विचारलं, "घरी काय काम करतेस गं?"

"भाऊला सांभाळते. आई कांद्याच्या कामाला जाते. आजीचं गुडघं दुखतंय."

शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत छोटा भाऊ तिच्याच कडेवर. आणि मी रोज तिच्या वहीवर 'घरी वाचनाचा सराव करणे' असा शेरा मारत होते. कधी करणार ती सराव? तिच्या चोवीस चौकोनांत वाचनासाठी जागा होती ती फक्त पिवळ्या चौकोनांत, म्हणजे माझ्याकडेच.

मग काय बदललं

मी एकच गोष्ट ठरवली. शाळेत फोन कपाटात. दोनदाच बघायचा, एकदा मधल्या सुट्टीत आणि एकदा शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधी, मुलं शुद्धलेखन करत असताना. फारच तातडीचं असेल तर फोन करा, असं सहकारी सरांना आणि केंद्रप्रमुखांना सांगून ठेवलं. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम, पण संध्याकाळी माहिती चुकवू नका." चुकवली नाही.

त्यातून मोकळी झालेली तीस मिनिटं त्या तिघांना दिली. दुपारी बाकी वर्ग गटात काम करत असताना हे तिघं माझ्याजवळ बसकरावर. अक्षरकार्डं, शब्दपट्ट्या, छोटी गोष्टीची पुस्तकं. विशेष काही तंत्र नाही, रोज बसलो एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिघांपैकी दोघं साधी वाक्यं वाचू लागली. तिसरा मुलगा अजून अडखळतो, त्याचे डोळे तपासून घ्यायला त्याच्या वडिलांना सांगितलं आहे. आणि ती मुलगी? आजी सांगत होती, बाजारात दुकानाच्या पाटीसमोर उभी राहून तिनं 'किराणा' वाचलं, पुढचं वाचलं आणि 'ट्रेडर्स'पाशी अडली. "ते इंग्रजी असंल बाई," आजी म्हणाली. मी म्हटलं, "नाही आजी, ते जोडाक्षर आहे. ते आता घेतोय."

तुम्हाला ॲप घ्यायचं असेल तर

१) आधी आपला प्रश्न एका ओळीत कागदावर लिहा. 'मी फोनवर किती वेळ असते?' एवढाच असेल तर फोनमधली सोय पुरे, नवीन ॲप घेऊ नका. 'दिवस कुठं जातो?' असा असेल तर बोट टेकवून नोंद करायचं ॲप घ्या.

२) नेटवर्क नसताना चालतं का, विसरलेली नोंद नंतर भरता येते का, नावं मराठीत देता येतात का, दोन कामं एकत्र लिहिता येतात का, या चार गोष्टी बघा.

३) संपर्क यादी, ठिकाण अशा परवानग्या मागितल्या तर विचार करा. वेळ मोजायला आपल्या नातेवाइकांचे नंबर कशाला लागतात? आणि मुलांची नावं अशा ॲपमध्ये कधीही लिहू नका.

४) कामांची नावं आठ-दहाच ठेवा, पण मोघम ठेवू नका. जिथं आपल्याला उत्तर टाळावंसं वाटतं, तिथंच नावाचे दोन भाग करा.

५) कायम नोंद ठेवत बसू नका, तोही एक उद्योग होऊन बसतो. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी १९६७ सालच्या आपल्या पुस्तकात वर्षातून साधारण दोनदा, तीन-चार आठवडे वेळेची नोंद ठेवण्याची पद्धत सांगितली आहे. आपल्यालाही तेच सोयीचं. मी प्रत्येक सत्रात दोन आठवडे ठेवते.

६) ॲप नको असेल तर चौकटीची वही आणि रंगीत खडू आहेतच. माझ्या वर्गातल्या १९ जणांचं त्यावरच भागलं.

ॲपनं मला एक मिनिटही जास्त दिलं नाही. दिवस चोवीस तासांचाच राहिला. फक्त 'वेळ मिळत नाही' असं आता मला सरसकट म्हणता येत नाही. काही वेळ खरंच दुसऱ्यांच्या कामात जातो, त्याबद्दल बोललं पाहिजे आणि मी बोलते. पण काही वेळ माझ्या हातून जातो, तो मीच आणायचा आहे.

यंदा ती मुलगी चौथीत आहे. परवा आजी पुन्हा आली होती, या वेळी धाकट्या नातवाचं नाव पहिलीत घालायला. मी फॉर्म भरून घेतला. जाताना म्हणाली, "बाई, हा पण तुमच्याकडंच बसू द्या."

पहिलीचा वर्ग या वर्षी माझ्याकडेच आहे.